शंभरातले पंधराच गोळी झाडतात, या आकड्याची गोष्ट

सुट्टीवर आलेला फौजी पारावर येऊन बसला, की पोरं हमखास विचारतात, "काका, तुम्ही किती जणांना मारलं?" काका हसतात, चहा मागवतात, विषय बदलतात. मोठी माणसं असं तोंडावर विचारत नाहीत, पण कुतूहल त्यांनाही तेच असतं. प्रत्यक्ष लढाईत माणूस वागतो कसा?

या प्रश्नाचं एक तयार उत्तर गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षं जगभर फिरतं आहे. व्याख्यानांत, लेखांत, मोबाइलवर आलेल्या मजकुरात ते तुम्हीही वाचलं असेल. दुसऱ्या महायुद्धात समोर शत्रू असतानाही शंभरातल्या फक्त पंधरा ते पंचवीस सैनिकांनी बंदूक चालवली, बाकीच्यांनी माणसावर हातच उचलला नाही. ऐकायला किती बरं वाटतं! मीही ते अनेकांना खात्रीने सांगितलं आहे. पुढे हा आकडा आला कुठून ते शोधत गेलो, तेव्हा त्याच्यामागे मोजणीच सापडेना. चुकीची गोष्ट इतक्यांच्या गळी उतरवल्यावर ती दुरुस्त करायलाही आपणच हवं, म्हणून हा लेख.

आकडा आला एस. एल. ए. मार्शल या अमेरिकी लष्करी इतिहासकाराकडून. हे गृहस्थ मूळचे डेट्रॉइटचे वार्ताहर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने इतिहास लिहिण्यासाठी माणसं नेमली, त्यात ते होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या माकिन बेटावर अमेरिकी पायदळ उतरलं. तिथे एका रात्री जपानी सैनिकांनी एका बटालियनवर हल्ले केले. सकाळी प्रत्येक जण वेगळंच सांगत होता आणि रात्री नेमकं काय झालं ते कुणालाच कळत नव्हतं. मार्शलनी एक साधी पण फार हुशारीची गोष्ट केली. वाचलेल्या सगळ्यांना, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत, एकत्र बसवलं आणि हुद्दा बाजूला ठेवून प्रत्येकाला बोलतं केलं. एकाची आठवण दुसऱ्याने दुरुस्त केली, आणि हळूहळू रात्रीचं चित्र उभं राहिलं. ही पद्धत खरोखर मोलाची होती. पुढे युरोपातही त्यांनी ती वापरली.

युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये त्यांचं 'मेन अगेन्स्ट फायर' हे पुस्तक आलं. सुमारे चारशे कंपन्यांच्या, म्हणजे पायदळाच्या तुकड्यांच्या, अशा मुलाखतींच्या आधारे त्यात म्हटलं होतं, की गोळीबाराच्या रेषेवर असलेल्या शंभर जणांपैकी सरासरी पंधरा जणच आपलं शस्त्र वापरतात, आणि उत्तमातल्या उत्तम कंपनीत हे प्रमाण पंचवीसपर्यंत जातं. कारण त्यांनी संस्कारांत शोधलं. लहानपणापासून 'मारू नये' हे मनावर इतकं बिंबलेलं असतं, की ऐन वेळी मरणाच्या भीतीपेक्षा मारण्याची भीती आड येते.

हे सैनिक भेकड होते असं मार्शल कुठेही म्हणत नाहीत. ते जागा सोडून पळाले नाहीत, मरायलाही तयार होते, फक्त त्यांनी चाप ओढला नाही, असं त्यांचं म्हणणं. तुकडीचा म्होरक्या जवळ येऊन उभा राहिला, की सैनिक गोळी झाडतो आणि तो पुढे गेला की थांबतो, असंही त्यांनी नोंदवलं. मशीनगनसारखं दोघातिघांनी मिळून चालवायचं शस्त्र मात्र सहसा गप्प बसत नाही, हेही. फिरत्या मजकुरात यातलं काही येत नाही. त्यात फक्त आकडा येतो.

सैन्याने तो मनावर घेतला. कोरियाच्या युद्धात १९५०-५१ च्या हिवाळ्यात मार्शल पुन्हा आघाडीवर गेले आणि आता निम्म्याहून अधिक, ५५ टक्के, सैनिक गोळी झाडतात असं सांगू लागले. त्याच दशकात अमेरिकेत नेमबाजीचं शिक्षणही पालटलं. दूरच्या गोल चकतीवर निवांत नेम धरण्याऐवजी माणसाच्या आकाराची लक्ष्यं अचानक उभी राहू लागली, वेगवेगळ्या अंतरांवर. पुढे १९९० च्या दशकात डेव्ह ग्रॉसमन या माजी अमेरिकी अधिकाऱ्याने माणसाला माणूस मारण्याचा उपजत तिटकारा असतो हा सिद्धान्त बराचसा याच आकड्यावर उभा केला, आणि तो सैन्याबाहेर पोलिसांच्या प्रशिक्षणापर्यंत पोचला.

मग १९८८ उजाडलं. रॉजर स्पिलर हे अमेरिकी सैन्याच्याच एका महाविद्यालयात शिकवणारे इतिहासकार. मार्शलबद्दल त्यांच्या मनात आकस नव्हता, उलट आदरच होता. त्यांनी मूळ कागद तपासले. आपणही सोपा हिशेब करून पाहू. एका कंपनीची नीट मुलाखत घ्यायला दोन-तीन दिवस लागत. दोनच धरले तरी चारशे कंपन्यांना आठशे दिवस होतात. माकिनची लढाई ते जपानची शरणागती हा काळ साडेसहाशे दिवसांचाही नाही. त्यातला प्रवास, आजारपण, बाकीचं काम वजा करा. स्पिलर यांच्या मते अगदी उदार हाताने मोजलं तरी त्या चारशे मुलाखती १९४६ च्या शरद ऋतूत कधीतरी संपल्या असत्या, म्हणजे युद्ध संपून वर्ष उलटल्यावर.

मार्शल यांच्या टिपणवह्यांत 'कितींनी गोळी झाडली' याची कुठलीही गोळाबेरीज सापडली नाही. युरोपात त्यांच्यासोबत फिरलेले सहायक जॉन वेस्टओव्हर यांना मार्शलनी सैनिकांना हा प्रश्न विचारल्याचं आठवत नव्हतं. प्रश्नच विचारला नसेल, तर टक्के कशाचे काढले? शिवाय आणखी एक गोष्ट उजेडात आली. पहिल्या महायुद्धात आपण फ्रान्समध्ये पायदळाच्या तुकडीचं नेतृत्व केलं, असं मार्शल सांगत असत. नोंदींप्रमाणे ते इंजिनिअर पलटणीत होते आणि अधिकारी झाले ते लढाई थांबल्यावर, १९१९ मध्ये.

एका माणसाची लबाडी पकडली आणि विषय मिटला, असं मला वाटत नाही. आघाडीवर फिरताना मार्शलना काहीतरी खरं जाणवलं होतं. गप्प बसलेल्या बंदुका त्यांनी पाहिल्याच असणार. फक्त जाणवलेल्या गोष्टीला त्यांनी मोजलेल्या आकड्याचे कपडे चढवले. माझा राग आहे तो एवढ्यावरच, कारण त्या आकड्यामुळे पुढच्यांनी बंदुका गप्प का होत्या हे विचारणंच सोडून दिलं.

एक साधी लढाई डोळ्यांसमोर आणा. दहा जणांचा सेक्शन शेताच्या बांधाआड पडलेला आहे. समोर दोनशे मीटरवर झाडी आणि तिथून मशीनगन सुरू आहे. शत्रू दिसत नाही. हे वाक्य सावकाश वाचा, कारण चित्रपट पाहून आपली समजूत नेमकी इथेच बिघडते. विसाव्या शतकातल्या लढाईत पायदळाच्या सैनिकाला शत्रू क्वचितच दिसतो. दिसतो तो धूर, कानावर येतो तो आवाज, अंगावर उडते ती माती. आता या दहांत एक जण सेक्शन कमांडर. त्याचं काम बाकीच्यांना सांभाळायचं, तो गोळी झाडत बसला तर सेक्शन बुडाला. एक जण काडतुसं पुरवतो आहे. एक जण जखमीला ओढत मागे नेतो आहे. एकाच्या समोर मित्राची पाठ आहे, झाडली तर त्यालाच लागेल. एकाची बंदूक चिखलाने अडकली आहे. एकाला हुकूम आहे, की सांगेपर्यंत झाडायची नाही, जागा उघडी पडेल. आणि एखादा भीतीने खरोखरच थिजला आहे. संध्याकाळी कुणी विचारलं, 'आज कितींनी गोळी झाडली?' तर उत्तर 'तिघांनी' असं येऊ शकतं. त्यातून सात जणांच्या मनात सद्‍विवेक जागा झाला असा अर्थ काढणं हा त्या सात जणांवर अन्याय आहे. काडतुसं पुरवणाऱ्यावर तर फारच.

उलटी तक्रारही तितकीच जुनी आहे. ज्या माकिन बेटावर मार्शल यांची पद्धत जन्मली, तिथल्याच सैनिकांबद्दल मरीन सेनापती हॉलंड स्मिथ चिडले होते, आणि ते कशाबद्दल? सैनिक काही न दिसता झाडा-झुडपांवर बेछूट गोळ्या उडवतात म्हणून. कॅनडाच्या सैन्यानं महायुद्धातच आपल्या पायदळ अधिकाऱ्यांकडून अनुभवांच्या लेखी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. रॉबर्ट एन्गन या इतिहासकाराने अशा दीडशेहून अधिक प्रश्नावल्या वाचल्या. जवान गोळी झाडत नाहीत अशी ओरड त्यांत नाही. दारूगोळा फार उधळतात, ही काळजी मात्र दिसते. भ्यालेला माणूस गप्प बसतो तसाच तो गोळ्यांचा पाऊसही पाडतो. आवाजाने धीर येतो.

या आकड्याचा जोडीदार म्हणून गेटिसबर्गच्या बंदुका नेहमी सांगितल्या जातात. अमेरिकेच्या यादवी युद्धात जुलै १८६३ मध्ये तिथे तीन दिवस लढाई झाली. नंतर मैदानावरून २७,५७४ बंदुका गोळा झाल्या. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. १२,००० मध्ये दोन बार ठासलेले, ६,००० मध्ये तीन ते दहा, आणि एका बंदुकीत तर तब्बल २३. यावरून म्हणतात, बघा, हजारो सैनिक नुसता भरण्याचा देखावा करत होते, झाडत नव्हते.

कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक हाताळली आहे, ते इथे लगेच मान हलवतील. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. दारू ओता, गोळी सारा, गजाने ठासा, केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवा. सरावलेला सैनिक मिनिटाला दोन-तीन बार काढतो, आणि झाडण्याला मात्र क्षण पुरतो. म्हणजे लढणारा माणूस कोणत्याही घडीला पडला, तरी त्याच्या हातातली बंदूक भरलेली किंवा भरत आलेली असण्याचीच शक्यता जास्त. भरलेल्या २४,००० बंदुकांचं नवल इथेच संपतं. दोन-दोन बारांचं काय? केप कधी ओली निघते, कधी बसवायचीच राहते, कधी नुसती फुटते आणि दारू पेट घेत नाही. शेजारी शंभर बंदुका एकदम कडाडत असताना आपल्या बंदुकीचा बार निघाला की नाही, हे खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरूनच कळायचं, आणि घाबरलेल्या माणसाला तेही कळत नाही. तो घोकलेल्या सवयीने पुन्हा भरतो. २३ बार ठासणारा तो अनामिक सैनिक करुणेने गोळी रोखून बसला होता, की त्याचे हात नुसते यंत्रासारखे चालत होते? मला दुसरंच जास्त पटतं. काही जणांनी मुद्दाम झाडलं नसेलही. पण बंदुकीच्या नळीतून मन वाचता येत नाही.

भीतीबद्दल मात्र आपल्याकडे खरी मोजणी आहे, आणि ती वाचताना गळा दाटतो. अमेरिकी सैन्याच्या संशोधन विभागाने महायुद्धातच सैनिकांना नाव न विचारता प्रश्नावल्या दिल्या होत्या. पॅसिफिकमध्ये लढलेल्या एका डिव्हिजनच्या दोन हजारांहून अधिक जवानांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी छाती जोरात धडधडते असं लिहिलं. पाचातल्या एकाने शौचावर ताबा राहिला नाही, आणि दहातल्या एकाने लघवी झाली, हे कबूल केलं. ही माणसं पळालेली नव्हती. ज्याच्या विजारीत असं झालं होतं, तोच घटकाभराने उठून पुढेही गेला होता. 'शूराला भीती वाटत नाही' हे पोवाड्यात शोभतं. खंदकात ते कुणाला सांगितलं, तर ज्याला भीती वाटते त्याला आपण एकटेच भेकड आहोत असं वाटत राहतं. महायुद्धाच्या काळातच अमेरिकी सैन्य जवानांना भीती वाटणं स्वाभाविक आहे असं उघड सांगू लागलं, त्यामागे हेच शहाणपण होतं.

भीती असून पुढे कशाने जाता, असंही त्या विभागाने लढलेल्या सैनिकांना विचारलं होतं. 'सोबत्यांसाठी' हे उत्तर आपण गृहीत धरतो, आणि ते आलंच, साधारण सातातल्या एकाचं. सगळ्यांत जास्त, दहातल्या जवळजवळ चौघांनी जे लिहिलं, त्याचा मथितार्थ एवढाच, की हे काम एकदाचं संपवायचं आणि घरी जायचं. देश, ध्येय, आदर्श यांसाठी लढतो म्हणणारे शंभरात पाचच्या आसपास. यात मला काही कमीपणा दिसत नाही. बैलपोळ्याच्या आत पेरणी-कोळपणी उरकायला निघालेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच इथे आहे. समोरचं काम जिवावरचं आहे, एवढंच.

सगळे सारखे नसतात, हेही खरंच. १९४३ मध्ये सिसिलीत लढलेल्या लायोनेल विग्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने बावीस जणांच्या प्लाटूनचा स्पष्ट हिशेब मांडला होता. सहा जण कुठेही जाणारे, काहीही करणारे. बारा जण मेंढरांसारखे, नीट नेलं तर मागोमाग येणारे. आणि चार ते सहा जण संधी मिळताच मागे फिरणारे. वरिष्ठांना हे रुचलं नाही. विग्रम फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत लढताना मारले गेले, आणि ते पहिल्या सहांपैकी होते. त्यांचाही हा अंदाजच होता, टक्केवारीचा आव त्यांनी आणला नाही, म्हणून मला त्यांचं म्हणणं मार्शलपेक्षा विश्वासाचं वाटतं. मागे फिरणाऱ्यांना रोखायला सैन्यं काय करत, तेही सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पळून जाणं, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या आणि २००६ मध्ये त्यांना मरणोत्तर माफी दिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने आपले पंधरा हजारांच्या घरात सैनिक मारले. कोण किती काळ खंदकात टिकून राहिला याचा विचार करताना पाठीमागची ही बंदूक विसरता येत नाही.

हातघाईच्या लढाईबद्दल थोडक्यात. चित्रांत, पुतळ्यांत संगीन नेहमी पुढे असते. पहिल्या महायुद्धातल्या दोन लाखांहून अधिक ब्रिटिश जखमींच्या नोंदी पाहिल्या, तर सुमारे ५८ टक्के जखमा तोफा आणि उखळी तोफांच्या, ३९ टक्के गोळ्यांच्या, आणि संगिनीच्या शेकडा अर्ध्याहूनही कमी. संगीन लागलेला पुष्कळदा जागीच मरे, दवाखान्यात पोचत नसे, हे धरूनही चित्र पालटत नाही. त्या युद्धात सैनिकाचा बहुतेक वेळ न दिसणाऱ्या माणसांनी दुरून फेकलेलं सोसण्यात गेला.

माणुसकीचे प्रसंग घडलेच नाहीत, असं मात्र कुणी समजू नये. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर दोन्हीकडचे सैनिक खंदकांबाहेर येऊन भेटले. त्यात आपल्याकडची गढवाल रायफल्सही होती. त्याहून बोलकी गोष्ट वर्षभर चाललेली. शांत भागांत समोरासमोरच्या खंदकांमध्ये न बोलता समजूत होई. जेवणाच्या वेळी मारा नाही. तोफ रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, म्हणजे तिथे कुणी थांबणार नाही. गोळी झाडायची, पण डोक्यावरून जाईल अशी. 'तू मला जगू दे, मी तुला जगू देतो.' वरच्या मुख्यालयाला हे कळलं, की ते रात्रीच्या धाडी घालायला लावत. कैदी किंवा प्रेतं हा पुरावा लागे, तिथे देखावा चालत नसे, आणि समजूत तुटे. हा व्यवहार समोरचाही तसाच वागेल या भरवशावर चाले, आणि भरवसा संपला की तेच हात मारायला उचलत.

आता तो प्रसंग, जो मला उपजत तिटकाऱ्याच्या सिद्धान्तावर निर्धास्त विसंबू देत नाही. ही लढाई नव्हे, आणि माणसंही सैनिक नव्हेत. १३ जुलै १९४२, पोलंडमधलं युझेफूव्ह गाव. हॅम्बुर्गहून आलेली जर्मन राखीव पोलिसांची १०१ वी बटालियन, पाचशेच्या आसपास माणसं, बरीचशी मध्यमवयीन, घरसंसाराची. गावातल्या ज्यूंना मारायचं आहे, असं बटालियनचे प्रमुख मेजर ट्राप यांनी सांगितलं. सांगताना ते रडवेले झाले होते. ज्याला जमणार नाही त्याने बाजूला व्हावं, असंही म्हणाले. त्या क्षणी डझनभर माणसं बाजूला झाली. दिवसभरात आणखी काहींनी अंग चोरलं. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे १,५०० निःशस्त्र माणसं मारली, त्यांत बायका-मुलं होती. अनेकांना ओकाऱ्या झाल्या, रात्री कुणी जेवेना. म्हणजे तिटकारा होता. तो हात धरून ठेवायला पुरला नाही.

आपल्याकडच्या दोन मराठी सैनिकांबद्दल सांगतो. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघेही मराठा पलटणीचे, दोन्ही लढाया इटलीतल्या. नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावात आहे. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. ते एकटे धावले. ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं आणि जिंकलेल्या त्याच जागी ते गेले. त्या आधीच्या क्षणी त्यांच्या सेक्शनमधल्या किती जणांनी चाप ओढला होता, हे विचारण्यात काय अर्थ आहे? ओढायला कुणी उरलंच नव्हतं.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीचा काठ. त्यांचं काम निरोप्याचं, कंपनी कमांडरसोबत राहायचं. तीन मशीनगन एकदम सुरू झाल्या. कमांडर आणि दोघं जण जखमी झाले, बाकीचे मेले, धडधाकट राहिले ते एकटे जाधव. त्यांनी सगळ्यांत आधी गोळी झाडली नाही. एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. परत आले, दुसऱ्याला नेलं. मग तिसऱ्यांदा नदी ओलांडून पहिल्या मशीनगनवर तुटून पडले. हाताला जखम झाली, बंदूक चालेना, तेव्हा ती फेकून ग्रेनेड घेतले आणि उरलेली दोन ठाणीही बंद केली. त्यानंतर उखळी तोफांचा मारा चालू असताना ते बांधावर चढले, शिवाजी महाराजांच्या नावाने जयजयकार केला, आणि मागच्या कंपन्यांना हाताने खुणावत राहिले, इकडून या, रस्ता मोकळा आहे.